केशवराव कोरटकर आणि मराठवाड्याचे न वाचलेले दप्तर

एकोणिसाव्या शतकातील मराठी सार्वजनिक जीवनाचा इतिहास पुष्कळ अंशी वकिलांचा इतिहास आहे. इंग्रजी अमदानीत ज्याला सरकारी चाकरीबाहेर राहून चार लोकांत बोलायचे होते, त्याला वकिली हा एकच प्रतिष्ठित आणि स्वतंत्र धंदा उपलब्ध होता. पक्षकाराच्या वतीने न्यायाधीशापुढे उभे राहण्याची सवय झालेला माणूस पुढे लोकांच्या वतीने सरकारपुढे उभा राहू लागला, हे त्या काळाच्या घडणीस धरूनच झाले. दापोलीजवळच्या मुरुडात १८३३ साली जन्मलेले रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक हे या मालिकेतले ठळक नाव. त्यांनी १८६४ मध्ये 'नेटिव्ह ओपिनियन' काढले, १८७४ मध्ये ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले, १८८४ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसले, आणि मध्यंतरी याज्ञवल्क्यस्मृती व व्यवहारमयूख यांची भाषांतरे करून हिंदू कायद्याच्या अभ्यासाला आधारग्रंथ देऊन गेले. त्यांच्यामागून आलेले काशिनाथ त्रिंबक तेलंग यांची वाट तीच होती. वकिली, कौन्सिल, १८८९ मध्ये हायकोर्टाचे न्यायासन, आणि त्रेचाळीस वर्षांच्या अल्प आयुष्यात भगवद्गीतेच्या इंग्रजी भाषांतरापासून लेसिंगच्या नाटकाच्या मराठी अवतारापर्यंत पसरलेले लेखन.

ही वाट केवळ आपल्याकडची होती असेही नाही. त्याच शतकात अमेरिकेत वकील होणे ही सिनेटकडे जाणारी पहिली पायरी समजली जात असे. चार्ल्स सम्नर यांनी १८४९ मध्ये बॉस्टनच्या शाळांतील वर्णभेदाविरुद्ध एका कृष्णवर्णीय मुलीच्या बाजूने खटला चालवला. खटला हरले, पण १८५१ ते १८७४ या काळात सिनेटमध्ये बसून तोच मुद्दा ते मांडत राहिले. इलिनॉयचे वकील लायमन ट्रंबुल यांनी गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ती सिनेटच्या न्यायविषयक समितीतून पुढे आणली आणि १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा मांडला. न्यायालयात जे मिळत नाही ते कायदेमंडळात मिळवावे, हा त्या वकिलांचा हिशेब होता, आणि तो हिशेब मांडायला त्यांच्यापुढे एक खरेखुरे कायदेमंडळ होते.

आम्हांला येथे ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्यांच्यापुढे ते नव्हते. आम्ही ज्या आखाडा बाळापुरात राहतो ते कळमनुरी तालुक्यात, नांदेडहून हिंगोलीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाचा होता. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, कचेरीची भाषा आधी फारसी व नंतर उर्दू होती, आणि सालाची मोजणी फसलीत चाले. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील पुरजळ या गावी १८६७ साली जन्मलेला एक मुलगा याच मुलखात वकील झाला, गुलबर्ग्यात त्याने नाव कमावले, एकोणिसावे शतक संपत असताना तो राजधानी हैदराबादेस गेला, आणि पुढे त्याच संस्थानाच्या हायकोर्टाचा न्यायाधीश झाला. त्यांचे नाव केशवराव कोरटकर. आमच्या भागातल्या सुशिक्षित माणसाला हे नाव विचारून पाहावे. दहातला एखादा 'ऐकल्यासारखे वाटते' म्हणेल. हैदराबादेतल्या नारायणगुड्यात मात्र 'केशव मेमोरियल' ही १९४० सालापासूनची शिक्षणसंस्था रिक्षावाल्यालाही ठाऊक असते. तो केशव आमच्या जिल्ह्यातला, हे तिथे कोणी सांगत नाही आणि इथे कोणी विचारत नाही.

हा विस्मरणाचा प्रकार आम्हांला साधा वाटत नाही. एखादा माणूस लहान होता म्हणून विसरला गेला असे येथे म्हणता येत नाही. त्याच्या विसरण्यामागे तीन कारणे आहेत, आणि ती तिन्ही आपल्या इतिहासलेखनाच्या सवयींविषयी बरेच काही सांगून जातात.

परंतु कारणांकडे वळण्यापूर्वी निजामी राज्यातली वकिली म्हणजे काय होते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. सालारजंगाच्या सुधारणांनंतर संस्थानात न्यायालयांची उतरंड उभी राहिली होती, आणि १८८० च्या दशकात दरबारी व्यवहारातून फारसी जाऊन तिच्या जागी उर्दू आली. म्हणजे वकील होऊ पाहणाऱ्या मराठी मुलाला घरात मराठी, पोथीत संस्कृत आणि कोर्टात उर्दू असा तिपेडी अभ्यास करावा लागे. १८९३ मध्ये हैदराबादेत कायदे कौन्सिल स्थापन झाले खरे. पण त्यात सरकारी आणि सरकारने नेमलेल्या सभासदांचेच प्राबल्य होते. निवडणुकीने भरायच्या मोजक्या जागा होत्या त्या जहागीरदारवर्ग आणि हायकोर्टाचे वकील यांच्या वाट्याला. या तपशिलात एक मोठा अर्थ दडलेला आहे. शेतकरी, व्यापारी, शिक्षक, कोणालाही मत नव्हते. ज्या दोन वर्गांना आपला माणूस निवडता येई त्यांपैकी एक वर्ग जन्माने मिळालेल्या जमिनीवर उभा होता, आणि दुसरा परीक्षा देऊन मिळवलेल्या सनदेवर. सबंध संस्थानात जन्मावाचून मिळालेले राजकीय अस्तित्व वकिलांनाच होते. वर्तमानपत्रे थोडी आणि सरकारच्या मर्जीवर चालणारी, सभेला परवानगी लागणारी, पक्ष तर नाहीतच. १८८३ मध्ये चांदा रेल्वेच्या व्यवहाराविषयी लोकांनी माहिती मागितली, तेव्हा अघोरनाथ चट्टोपाध्याय यांच्यासारख्या विद्वान प्राचार्याला राज्याबाहेर काढण्यात आले होते. अशा राज्यात बारमध्ये उभा राहून न्यायाधीशाला 'हे बेकायदा आहे' असे तोंडावर सांगण्याची मुभा ज्या एका माणसाला होती तो वकील. आम्ही या गोष्टीला राजकारण म्हणतो. इंग्रजी मुलखातल्या वाचकाला ते राजकारण दिसत नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढे सभा, ठराव आणि अग्रलेख हेच राजकारणाचे रूप असते.

कोरटकरांनी हा अवकाश कसा वापरला ते पाहण्यासारखे आहे. गुलबर्ग्याची वकिली आणि पुढे हैदराबादची वकिली यांतून मिळालेला पैसा व वजन त्यांनी शाळांत घातले. १९०७ च्या सुमारास वामनराव नाईक आदी सहकाऱ्यांसह हैदराबादेत 'विवेक वर्धिनी' उभी राहिली. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय हेही त्याच पिढीच्या उमेदीचे फळ. उर्दूचे राज्य असलेल्या शहरात मराठी मुलांना शिक्षणाची जागा मिळणे याचा अर्थ आज पुण्या-मुंबईच्या वाचकाला चटकन उमगणार नाही. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोठा होता, आणि त्याविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु राज्यात बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी होती, आणि तिच्या भाषांना त्या मांडणीत दुय्यम जागा होती. विवेक वर्धिनी हे त्या दुय्यमपणाला दिलेले शांत उत्तर होते. कोरटकर हैदराबादच्या आर्य समाजाचे दीर्घकाळ अध्यक्ष होते. लोकमान्य टिळकांशी त्यांचा स्नेह होता. टिळकांचा निजामी मुलखाशी संबंध काही केवळ 'केसरी'च्या वर्गणीपुरता नव्हता. लातुरास त्यांची जिनिंग फॅक्टरी १८९१ पासून होती, आणि पुण्यातल्या त्यांच्या कायद्याच्या वर्गाची कीर्तीही दूरवर होती. सरहद्दीच्या अलीकडचे आणि पलीकडचे जग अशा धाग्यांनी बांधलेले होते.

आता विस्मरणाच्या कारणांकडे वळू.

पहिले कारण भाषेचे. मंडलिकांची भाषणे व लेख त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १८९६ मध्ये, इंग्रजीत एका जाडजूड ग्रंथात संकलित झाले. तेलंगांचेही तसेच झाले. त्यांचे निकालपत्र आजही कायद्याच्या अहवालांत वाचायला मिळते. एका एकत्र कुटुंबाच्या वाटणीच्या प्रकरणात, बाप आपल्या बापापासून व भावांपासून विभक्त झालेला नसताना मुलाला वाटणी मागता येते काय, या प्रश्नावर तेलंगांनी १८९२ च्या सुमारास इतर न्यायमूर्तींहून वेगळे मत दिले. ते मत अल्पमतात गेले, पण छापले गेले, आणि म्हणून त्यावर आजही चर्चा करता येते. कोरटकरांचे सारे कामकाज उर्दूत. त्यांनी बारमध्ये केलेला युक्तिवाद उर्दूत, त्यांनी न्यायासनावरून दिलेला निकाल उर्दूत. इतिहासकार ज्याला साधन म्हणतो ते साधन नष्ट झाले असे नाही; ते आपल्याला वाचता येईनासे झाले. १९४८ नंतरच्या दोन पिढ्यांत मराठवाड्यातील हिंदू घरांतून उर्दू जवळजवळ नाहीशी झाली. आमच्या आजोबांच्या पिढीला खरेदीखत वाचता येई. वडिलांच्या पिढीला त्यावरची सही तेवढी ओळखता येई. आम्हांला कागद उलटा धरला की सुलटा हेही सांगता येत नाही.

दुसरे कारण साच्याचे. मराठवाड्याचा आधुनिक इतिहास आपण १७ सप्टेंबर १९४८ पासून मागे वाचतो. एका बाजूला निजाम व रझाकार, दुसऱ्या बाजूला स्वामी रामानंद तीर्थ आणि स्टेट काँग्रेस, मध्ये सत्याग्रह, भूमिगत लढा आणि पोलीस ॲक्शन. हा साचा खोटा नाही. त्यामागे प्राण दिलेल्या माणसांचे रक्त आहे, आणि त्याविषयी हलक्या हाताने बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु या साच्यात १९३८ पूर्वीचा माणूस बसत नाही. त्यातून तो माणूस निजामाच्या हायकोर्टाचा न्यायाधीश असेल तर तो कोणत्या बाजूला धरायचा हेच कळेनासे होते. मग सोपा मार्ग म्हणजे त्याचा उल्लेख टाळणे.

येथे आम्हांला एक प्रश्न विचारावासा वाटतो. न्यायमूर्ती रानडे इंग्रज सरकारचे न्यायाधीश होते. तेलंग होते, चंदावरकर होते. त्यांच्या देशभक्तीविषयी शंका घेताना आपण त्यांचे न्यायासन पुराव्यादाखल पुढे करीत नाही. उलट 'न्यायमूर्ती' ही त्यांची पदवीच आपण नावाआधी लावून मोठ्या आदराने उच्चारतो. मग इंग्रजाच्या न्यायासनाला प्रतिष्ठा आणि निजामाच्या न्यायासनाला संशय, हा भेद कशासाठी? इंग्रजी मुलखात कायद्याचे राज्य होते आणि निजामीत नव्हते, असे उत्तर कोणी देईल. ते पुष्कळसे खरे धरले तरी त्यातून उलटाच निष्कर्ष निघतो. जिथे कायद्याचे राज्य दुबळे आहे तिथे न्यायासनावर बसलेल्या माणसाचे काम अधिक अवघड आणि अधिक मोलाचे असते. हैदराबादेत न्यायखाते कारभारी खात्यापासून वेगळे करण्याचे फर्मान १९२१ मध्ये निघाले. महसुली अधिकाऱ्यानेच आरोप करावा आणि त्यानेच निवाडा द्यावा, ही जुनी रीत मोडणारे हे फर्मान त्या काळी हिंदुस्थानातल्या इंग्रजी प्रांतांतही दुर्मीळ होते. अशा घटनांमागे राजाची इच्छा असते आणि दिवाणाची हुशारी असते. पण बारमध्ये वर्षानुवर्षे तीच तक्रार करणाऱ्या वकिलांची चिकाटीही असते. तो इतिहास लिहिताना आपण राजाचे नाव लिहितो, दिवाणाचे लिहितो, आणि वकिलांच्या जागी रेघ ओढतो.

तिसरे कारण सरहद्दीचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. परभणी मुंबई राज्यात आली, गुलबर्गा म्हैसूरला गेला, हैदराबाद आंध्रात गेले. भाषावार प्रांतरचनेचे तत्त्व आम्हांला मान्य आहे. मराठी माणसाला मराठी राज्य मिळाले ते योग्यच झाले. पण या वाटणीत एका माणसाचे आयुष्यही तीन राज्यांत वाटले गेले, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. जन्म एका राज्यात, पहिली वकिली दुसऱ्या राज्यात, कर्तृत्व तिसऱ्या राज्यात. महाराष्ट्राने म्हणावे की ते हैदराबादचे. तेलंगणाने म्हणावे की ते मराठी. कर्नाटकाने म्हणावे की ते येथून निघून गेले. भाषावार इतिहास लिहिताना बहुभाषिक माणसे अशीच सरहद्दीवरच्या ओसाड पट्टीत राहून जातात. त्यांचे चिरंजीव बॅरिस्टर विनायकराव विद्यालंकार पुढे बुर्गुल रामकृष्णराव यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले आणि १९५७ मध्ये हैदराबादहून लोकसभेवर गेले. म्हणजे बापाला जे खरेखुरे कायदेमंडळ दिसले नाही, त्यात मुलगा बसला. या दोन पिढ्यांचे एक सलग चरित्र म्हणजे संस्थानी प्रजेचा नागरिक कसा झाला याचा आलेख होऊ शकेल.

एवढे लिहिल्यावर कोरटकरांची आरती ओवाळून थांबणे सोपे होते. परंतु विस्मृतीतून माणूस वर काढताना त्याला देव करून ठेवणे ही आपली जुनी खोड आहे, आणि तीही विस्मृतीइतकीच घातक. म्हणून त्या पिढीची मर्यादा दाखवणारा एक प्रसंग येथे नोंदवला पाहिजे.

नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादेत विवेक वर्धिनीच्या रंगमंदिरात समाजसुधारणा परिषद भरली. अध्यक्ष होते धोंडो केशव कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वाहिलेला माणूस अध्यक्षस्थानी, आणि विषय सुधारणेचा. भाषणे इंग्रजीत, उर्दूत, मराठीत झाली. मग आलमपल्ली वेंकटरामाराव नावाचे एक वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले, आणि श्रोत्यांतल्या मराठी मंडळींनी गलका करून, टाळ्या पिटून त्यांना बोलू दिले नाही. अपमानित झालेले तेलुगू तरुण त्याच सुमारास एकत्र जमले आणि त्यांनी 'आंध्र जनसंघम' स्थापन केला. त्यातूनच पुढे १९३० मध्ये आंध्र महासभा उभी राहिली. तेलंगणाच्या राजकीय जागृतीचा इतिहास या प्रसंगापासून सुरू होतो, आणि तिथल्या पुस्तकांतून तो सांगितला जातो. आपल्याकडे तो क्वचितच सांगितला जातो, हे काही योगायोगाने झालेले नाही.

या प्रसंगाचा अर्थ काय? ज्या लोकांनी उर्दूच्या वर्चस्वाखाली आपल्या भाषेसाठी शाळा काढली, त्यांच्याच मांडवात दुसऱ्या भाषेची थट्टा झाली. संख्येने तेलुगू भाषक संस्थानात सर्वांत अधिक. पण सार्वजनिक जीवनात पुढे असलेल्या मराठी वकीलवर्गाला ते जाणवत नव्हते. थट्टा करणारे श्रोते होते, संस्थापक नव्हते, हे खरे. परंतु संस्थेची हवा संस्थापकांच्या वर्गाची असते. हा वर्ग बहुतांशी ब्राह्मण, शहरी आणि पुरुष होता. त्याच शहरात त्याच वर्षांत भाग्यरेड्डी वर्मा अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी शाळा काढीत होते. ते सुधारणेचे दुसरे, अधिक खोल जग होते. मराठी वकिलांची सुधारणा त्या जगाच्या उंबरठ्यापर्यंत गेली, आत फारशी गेली नाही. आणि काळाचा न्यायही असा की, ज्यांची थट्टा झाली त्यांची महासभा १९३० मध्ये भरली; थट्टा करणाऱ्यांची महाराष्ट्र परिषद परतूरला भरायला १९३७ उजाडले.

दुसरी गोष्ट आर्य समाजाची. १९३८-३९ मध्ये निजामाविरुद्ध आर्य समाजाचा मोठा सत्याग्रह झाला, आणि त्यानंतरच्या दशकात हिंदू-मुसलमान संबंध हैदराबादेत विकोपाला गेले. त्यामुळे आर्य समाजाचा अध्यक्ष म्हटले की वाचकाच्या मनात एक तयार चित्र उभे राहते. पण कोरटकर १९३२ मध्ये वारले. १९२० च्या आसपास खिलाफतीच्या दिवसांत विवेक वर्धिनीच्या पटांगणात हिंदू-मुसलमानांच्या एकत्र सभा भरत होत्या, हे त्या चित्रात बसत नाही. मागाहून घडलेल्या गोष्टींचा रंग आधीच्या माणसावर चढवणे हे इतिहासातले मोठे पाप आहे. हैदराबादच्या इतिहासात ते पाप दोन्ही बाजूंनी मुबलक झाले आहे. उर्दूत वकिली करणारा, उर्दूभाषक सहकाऱ्यांच्या बरोबरीने न्यायासनावर बसणारा, घरी मराठी बोलणारा आणि आर्य समाजाचा अध्यक्ष असणारा माणूस आज आपल्याला विसंगत वाटतो. ती विसंगती त्याची नाही. आपण जे कप्पे नंतर तयार केले ते त्याला माहीत नव्हते, इतकेच.

हे सारे आज उकरून काढण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण अगदी ताजे आहे आणि आमच्या गावाच्या चावडीपर्यंत आलेले आहे. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि एकाएकी साऱ्या मराठवाड्याला कळले की आपले जुने दप्तर उर्दूत आणि मोडीत आहे, काही तर हैदराबादेस आहे, आणि ते वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये शासनाने हैदराबाद गॅझेटच्या आधारे निर्णय काढला, तेव्हा तर 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द पानाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागला. त्या मागणीच्या बाजूने वा विरुद्ध येथे काही लिहायचे नाही. तो वेगळा विषय आहे. आमचे म्हणणे इतकेच की, आरक्षणाच्या दाखल्यासाठी जे दप्तर आपल्याला आज हवे झाले, तेच दप्तर आपल्या आजे-पणज्यांच्या न्यायाचे, तंट्यांचे, शाळांचे आणि बंडखोरीचेही आहे. एका नोंदीपुरते त्यात डोकावायचे आणि नोंद सापडताच ते पुन्हा बांधून ठेवायचे, हे आपल्या समाजाला शोभणारे नाही. ज्या कपाटात कुणबी नोंद आहे त्याच कपाटात कोरटकरांसारख्यांचा निवाडाही असू शकतो.

या जिल्ह्याला वाचण्याची परंपरा नाही असे म्हणता येणार नाही. नरसी नामदेवांचे जन्मस्थान म्हणून सांगितले जाते ते याच जिल्ह्यात. कोरटकर ज्या वर्षी वारले त्याच १९३२ साली याच जिल्ह्यातील नांदापूर येथे नरहर कुरुंदकर जन्मले. हैदराबादच्या प्रश्नावर त्यांनी जे लिहिले त्याचे बळ त्यांच्या तर्कशुद्धतेत होते, तसेच ते त्या शहराशी असलेल्या जवळिकीतही होते. त्यांचे मामा ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी फारसी-उर्दू जाणत होते म्हणून मराठ्यांच्या इतिहासाची दुसरी बाजू मराठीत आणू शकले. या दोघांनंतर ती साखळी क्षीण झाली. आज मराठवाड्याच्या इतिहासावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी इंग्रजी व मराठी साधनांवर भागवतो, आणि त्याच्या मार्गदर्शकालाही ते खटकत नाही. फ्रान्सचा इतिहास फ्रेंच न शिकता लिहिणाऱ्याला आपण हसू. निजामीचा इतिहास उर्दू न शिकता लिहिणाऱ्याला आपण पदवी देतो.

म्हणून कोरटकरांचा पुतळा उभारावा, चौकाला नाव द्यावे, असली मागणी आम्ही करीत नाही. पुतळ्याला वाचता येत नाही, आणि पुतळ्यापुढून जाणाऱ्यांनाही त्याने वाचता येत नाही. आमच्या मागण्या अगदी साध्या आहेत. आमच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत, विशेषतः इतिहास आणि मराठी हे विषय शिकणाऱ्यांसाठी, उर्दू लिपीचा आणि मोडीचा छोटा वर्ग असावा. लिपी ओळखायला काही महिने पुरतात. भाषा तर अर्धीअधिक आपल्या तोंडात आहेच. मुकदमा, फैसला, वकालतनामा, नाझर, पेशकार, कब्जा, दस्तऐवज, हे शब्द मराठवाड्यातल्या निरक्षर शेतकऱ्यालाही कोणी शिकवावे लागत नाहीत. हैदराबादच्या तारनाक्यावर तेलंगणाचे राज्य अभिलेखागार आहे, तिथे निजामी कागदांचा प्रचंड साठा आहे. महाराष्ट्राने तेथील मराठवाड्यासंबंधीच्या कागदांच्या प्रती दाखल्यांच्या निकडीपलीकडे जाऊन, अभ्यासासाठी म्हणून, मागवाव्यात. गावोगावच्या मशिदींच्या आसपास अजून उर्दू नीट वाचणारी वयोवृद्ध माणसे आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसायला हिंदू घरातल्या तरुणाला संकोच वाटू नये. तो संकोच कोरटकरांना वाटला नव्हता, आणि त्याने त्यांच्या मराठीपणाला किंवा त्यांच्या धर्माला काही उणेपणा आला नाही.

मंडलीक आणि तेलंग यांना कौन्सिल मिळाले, सम्नरला सिनेट मिळाले. तिथे जे बोलले गेले ते छापले गेले आणि टिकले. कोरटकरांना मिळाले ते एक न्यायालय, आणि एक अशी लिपी जी त्यांच्या नातवंडांच्या पिढीने सोडून दिली. त्यांनी आपल्या मुलखासाठी काय केले याचा निवाडा अजून व्हायचा आहे. तो त्यांच्या बाजूने होईल की विरुद्ध, हे आम्ही आधीच ठरवू इच्छित नाही. पण कोणत्याही प्रामाणिक न्यायालयाप्रमाणे आपल्यालाही निकालाआधी कागद वाचावे लागतील, आणि ते वाचण्यासाठी आधी अलिफ, बे, पे शिकावे लागेल.